बिरड्याचा रोजा आणि माझी जीभ

2004 च्या उन्हाळ्यात मला इथं इस्राएलमध्ये अश्दोदहून एका बाईंचा फोन आला. ओळख लांबची, कुणाच्या तरी लग्नात भेटलेलो. त्यांच्या मुलासाठी आमच्या दिमोनातली एक मुलगी सुचवली होती, आमच्याच इमारतीत दोन मजले खाली राहणारी. "तुम्ही रोज बघता तिला, काय असेल ते मोकळेपणानं सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. मुलगी गुणाची, नर्सिंग शिकते, आईबाप शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिथं थांबायला हवं होतं. मी पुढं म्हणाले, "फक्त तिच्या पणजीबद्दल आमच्याकडचे जुने लोक काहीबाही बोलतात." त्यांनी "म्हणजे?" विचारलं आणि म्हणजे काय तेही मी सांगितलं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पनवेल, पेण, अलिबाग, रोहा या पट्ट्यात शेकडो वर्षं राहिलो, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवले गेलो. आमच्यातच गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. ज्या घरात कधीकाळी बाहेरच्या समाजातली बाई आई झाली, ते घर काळं. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतही वेगळी. मी पंधरा वर्षांची असताना आईबाबांबरोबर पनवेलहून इथं आले, तोवर हे सगळं विरत चाललं होतं. पण विरलेलं कापडसुद्धा कपाटात असतंच. त्या दिवशी मी ते काढून फोनवर दाखवलं.

चार महिन्यांनी एका लग्नाच्या हॉलमध्ये त्या बाई भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही वेळेवर सांगितलंत." मला क्षणभर बरं वाटलं होतं, हे लिहायला आजही जड जातं. मग समोर पाहिलं तर ती मुलगी, निळा पोशाख घातलेली, म्हाताऱ्या बायकांना पाण्याचे ग्लास नेऊन देत होती. मलाही तिनं दिला. "मावशी, बर्फ नको ना तुम्हाला?" म्हणाली. माझा दात दुखतो हे तिच्या लक्षात होतं.

त्या रात्री मला बेरशेव्याचे काका आठवले. 1963 साली त्यांचं लग्न ठरलं. तेव्हा वरून हुकूम आला होता, की बेने इस्राएल माणसाचं लग्न नोंदवण्याआधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा, हे खरेच ज्यू आहेत का बघा. ज्या माणसानं पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, लहानपणापासून शेमा ही प्रार्थना म्हटली, त्याला पणजीचा पुरावा मागितला. पुढं आमच्या लोकांनी यरुशलेमेत धरणं धरलं, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी गप्प बसायचे. त्यांच्या बाबतीत परक्यांनी जे केलं, ते मी आमच्याच मुलीच्या बाबतीत केलं होतं. फोनवरून, दोन मिनिटांत.

आमच्या वरच्या मजल्यावर मोरोक्कोहून आलेली एक बाई राहायची. तिचा नवरा सिनेगॉगमध्ये शिकवायचा म्हणून सगळे तिला रब्बानित, म्हणजे रब्बीची (धर्मगुरूची) बायको, म्हणत. मंगळवारी संध्याकाळी तिच्या घरी आठदहा बायका जमून 'शेमिरत हालाशोन', म्हणजे जीभ राखण्याचे नियम, शिकत. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त पुढच्या ताम्मुझ महिन्यात एका मंगळवारी जाऊन बसले. 17 ताम्मुझच्या उपासाला पाच दिवस होते. तिथून पुढच्या आव महिन्याच्या 9 तारखेपर्यंतचे तीन आठवडे आमच्याकडे दुःखाचे, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याचे.

9 आवच्या उपासाला माझी आजी बिरड्याचा रोजा म्हणायची. आवच्या पहिल्या दिवसापासून घरात मटण नाही, आणि रोजाचं जेवण म्हणजे वालाचं बिरडं. लहानपणी मला एवढंच माहीत होतं, की रोमन लोकांनी इ.स. 70 मध्ये दुसरं मंदिर जाळलं आणि आपण रडायचं. रब्बानितनं त्या मंगळवारी तालमुद या आमच्या जुन्या धर्मग्रंथातली ओळ वाचली. पहिलं मंदिर मूर्तिपूजा, व्यभिचार आणि रक्तपात यांमुळं पडलं. दुसऱ्या मंदिराच्या काळातली माणसं तर तोरा (धर्मशास्त्र) शिकत होती, नियम पाळत होती, दानधर्म करत होती. मग ते का पडलं? विनाकारण द्वेषामुळं. आणि रादीनच्या रब्बींनी त्यावर लिहिलं, की द्वेष मनातच राहिला असता तर एवढी शिक्षा झाली नसती, तो जिभेवर आला म्हणून झाली. जे कारण त्या काळी मंदिर पाडायला पुरलं, ते कारण आपल्यात आहे तोवर ते पुन्हा उभं कसं राहील? यरुशलेमी तालमुदात तर याहून कठोर लिहिलंय: ज्या पिढीत मंदिर बांधलं जात नाही, त्या पिढीनं ते पाडलं असंच धरावं.

पन्नास वर्षं मी रोमनांसाठी उपास धरला होता. त्या दिवशी वाटलं, अश्दोदच्या फोनवर एक वीट मीही काढली.

रादीनच्या त्या रब्बींबद्दल थोडं सांगते. नाव इस्राएल मेईर हाकोहेन कागान, गाव आजच्या बेलारुसमध्ये. बायकोबरोबर छोटं वाण्याचं दुकान चालवायचे आणि गिऱ्हाइकाला वजनात कमी जाऊ नये म्हणून जीव टाकायचे. 1873 मध्ये त्यांनी जिभेच्या नियमांचं पुस्तक काढलं, त्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. पुस्तकाचं नाव 'खाफेत्स खाईम', जीवनाची इच्छा धरणारा. ते स्तोत्रसंहितेतल्या 34 व्या स्तोत्रातून घेतलंय: जीवनाची इच्छा धरणारा माणूस कोण? मग आपली जीभ वाइटापासून राख. पुढं लोक त्यांनाच खाफेत्स खाईम म्हणू लागले. 1933 साली ते वारले. बोलण्यातून किती आज्ञा मोडू शकतात ते त्यांनी मोजलं: 17 'करू नको' आणि 14 'कर', एकूण 31. मी 'चुगली करू नये' ही एकच धरून चालले होते.

गटात तीन म्हाताऱ्या मराठी बायका होत्या, त्यांचं हिब्रू कच्चं. रब्बानितनं समजावून सांगायचं काम मला दिलं. लशोन हारा म्हणजे काय सांगू? एकीनं विचारलं, "खोटं बोलणं ना?" नाही. खोटं बोलून नाव खराब करणं म्हणजे मोत्सी शेम रा, आपल्याकडे आळ घेणं म्हणतात ते. याचं त्याला जाऊन सांगणं म्हणजे रखिलुत, लावालावी. रखिलुत हा शब्द फेरीवाल्यावरून आलाय असं रब्बानित म्हणाली, इथला माल तिथं नेणारा. आणि लशोन हारा म्हणजे दुसऱ्याला कमीपणा आणणारं खरं बोलणं. "खरं?" तिघींनी एकदम विचारलं. आमच्याकडे 'खरं बोलायला कुणाचं भ्यायचं' हे अभिमानानं म्हणतात, मीही जन्मभर म्हणत आले. पुस्तकातली सुरुवातच खऱ्यापासून होती.

मग अवक, धूळ. "तिच्याबद्दल मी काही बोलतच नाही," असं म्हणणं ही धूळ. कुणाचं नाव निघाल्यावर भुवई उडवणं, ओठ मुडपणं, हीसुद्धा. तालमुद म्हणतं, या धुळीतून कुणीच सुटत नाही. आम्ही चौघी एकमेकींच्या भुवयांकडे बघत बसलो.

रीत साधी होती. रोज पुस्तकातले दोन नियम वाचायचे आणि दिवसाचे दोन तास बांधून घ्यायचे. त्या दोन तासांत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, ऐकायचं नाही. याला माख्सोम लेफी म्हणतात, माझ्या तोंडाला मुसकं. मी पाच ते सात घेतले, मुद्दाम. दिमोनात उन्हाळ्यात पाचनंतर वाळवंटाकडचा वारा सुटतो आणि सगळ्या बायका इमारतीखालच्या बाकांवर येऊन बसतात.

पहिल्या दिवशी मी अकरा मिनिटं टिकले. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून "हो, काल रात्री पण" एवढं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून बसले, तर सगळ्यांना वाटलं मी रागावलेय, आणि माझ्या रागाचं कारण शोधण्यातच संध्याकाळ गेली. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. रब्बानित म्हणाली, "लपून बसायला कुणी सांगितलंय? जा, बस, आणि दुसरं काही बोल." दुसरं काही म्हणजे काय, हे मला साठीकडे झुकताना शिकावं लागलं. विणकामाची पिशवी नेऊ लागले. कुणाचं नाव आलं की टाके मोजून घ्यायला शेजारणीला द्यायची. आजीची चिक-चा-हलवा करायची पद्धत विचारायची. हळूहळू एकदोघी आपणहून म्हणायला लागल्या, "पाच वाजले, हिचे तास सुरू झाले." सगळ्यांना ते रुचलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं वर्षभर मला फोन कमी केले, तिला वाटलं मी तिला शिकवतेय.

घरात वेगळंच झालं. आम्ही नवराबायको रात्री जेवताना जे बोलायचो, त्यातलं बहुतेक दुसऱ्यांबद्दल असायचं, हे मला तेव्हा कळलं. ते काढून टाकल्यावर ताटांचा आवाज तेवढा उरला. दोन आठवडे आम्ही तसेच जेवलो. मग एका रात्री त्यांनी आपण होऊन सांगितलं, की कापडगिरणीत लागल्यावर पहिल्या महिन्यात ते रोज जेवणाच्या सुट्टीत एकटे मागच्या भिंतीपाशी जाऊन रडायचे, भाषा येत नव्हती म्हणून. बत्तीस वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा ऐकलं.

जीभ राखणं म्हणजे गप्प राहणं असा समज मात्र कुणी करून घेऊ नये, याबद्दल मला ठाम बोलायचंय. त्याच हिवाळ्यात खालच्या गल्लीतली एक तरुण बाई चेहऱ्यावर काळानिळा डाग घेऊन दुकानात आली. एक जण म्हणाली, "आपण लशोन हारा नको करू या." मी मंगळवारपर्यंत थांबले नाही, त्याच रात्री रब्बानितचं दार वाजवलं. तिनं लेवीयच्या पुस्तकातलं 19:16 उघडलं. वचनाचा पहिला अर्धा: आपल्या लोकांत चहाडी करत फिरू नको. दुसरा अर्धा: आपल्या शेजाऱ्याचं रक्त सांडत असताना उभा राहून बघू नको. एकाच श्वासात दोन्ही. "इथं बोललं नाहीस तर दुसरा अर्धा मोडलास," ती म्हणाली. सकाळी आम्ही दोघी समाजसेविकेकडे गेलो. जे बोलल्यानं कुणाचं नुकसान टळतं त्याला तोएलेत म्हणतात, आणि त्याच्या अटी खाफेत्स खाईमांनी घालून दिल्यात. स्वतः पाहिलेलं असावं, ऐकीव नको. तिखटमीठ नको. मनात खुन्नस नको. दुसरा मार्ग नसावा. मी त्या अटींवर माझा अश्दोदचा फोन लावून बघितला. पहिल्याच अटीवर पडला. ती पणजी मी पाहिलेली नव्हती. माझ्या आईनंही पाहिलेली नव्हती.

ऐकताना मला सगळ्यांत जास्त लागली ती मिर्यामची गोष्ट. तिनं धाकट्या भावाबद्दल, मोशेबद्दल, दुसऱ्या भावाजवळ, अहारोनाजवळ, काही बोललं आणि तिच्या अंगावर कोड उठलं. हीच ती मिर्याम, जी नदीकाठी उभी राहून बाळ मोशेच्या टोपलीवर नजर ठेवून होती. एवढ्या मायेच्या माणसाचीही जीभ घसरते. ती सात दिवस छावणीबाहेर राहिली आणि सगळे लोक, लाखो माणसं, तिच्यासाठी थांबली. पुढची वाट तिला सोडून चालली नाहीत.

आणि मिसर, म्हणजे इजिप्त, जिथं आमचे लोक गुलाम होते. मोशेनं मारकुट्या मिसऱ्याला मारलं, दुसऱ्या दिवशी आपल्याच माणसानं ते बोलून दाखवलं. मोशे म्हणाला, "गोष्ट खरंच कळली तर." जुने भाष्यकार राशी त्यावर सांगतात: त्याला कळलं, की हे लोक एवढ्या गुलामीत का आहेत. यांच्यात चहाडखोर आहेत, यांची सुटका व्हावी कशी? पण मिद्राशात, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या कथांत, असंही आहे, की शेवटी सुटका झाली ती चार गोष्टींमुळं: त्यांनी नावं बदलली नाहीत, भाषा बदलली नाही, लशोन हारा केलं नाही, आणि व्यभिचारापासून दूर राहिले. हे मी मराठीत सांगत होते आणि मध्येच अडकले. आम्ही तर नावं बदलली होती. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. भाषा बदलली, तीही इतकी, की मी हे मराठीत लिहितेय. चारांतल्या दोन आमच्या कोकणातच सुटल्या, आणि त्याबद्दल मला लाज नाही, मराठीनं आम्हाला सांभाळलं. पण मग उरलेल्यांत तिसरी तरी आम्ही घट्ट धरायला नको का? त्या म्हाताऱ्यांतली सगळ्यांत मोठी, नव्वदीची, म्हणाली, "गे, गेउला आपल्यामुळं अडलीय की काय?" कुणी हसलं नाही.

गेउला म्हणजे मुक्ती, साऱ्या जगाची. पण ती येण्याआधी मला दोन मजले उतरायचे होते.

दारफळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा दिवस देवाशी केलेल्या पापांना पुसतो. माणसाशी केलेलं पाप त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय पुसत नाही, मिश्ना या जुन्या नियमग्रंथात स्पष्ट आहे. दरवर्षी पांढरे कपडे घालून छातीवर मूठ मारत "जिभेनं केलेल्या पापासाठी" म्हणताना मला हे माहीत होतं. आता एक प्रश्न उभा राहिला. त्या मुलीच्या आईला ठाऊकच नव्हतं की स्थळ माझ्यामुळं मोडलं. मग सांगायचं का? खाफेत्स खाईम म्हणतात, सांगून क्षमा मागावी. त्यांच्याच काळचे थोर रब्बी इस्राएल सलांतर यांना हे पटलं नव्हतं: ज्याला माहीत नाही त्याला सांगून आणखी एक घाव कशाला घालायचा, तोही स्वतःचं मन हलकं करण्यासाठी? मी योम किप्पूरआधीचा एलूलचा सगळा महिना या दोघांमध्ये काढला. रब्बानितनंही उत्तर दिलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या घरात मुलीच्या न जमण्याचं कारण काय समजतात?" मी चौकशी केली. ते समजत होते, की मुलगी सावळी आहे म्हणून. मुलगी स्वतः तसं समजत होती.

मग मी उतरले.

तिच्या आईनं सगळं ऐकलं, उठून दार उघडलं आणि दार धरून उभी राहिली. मी वर आले. तीनदा मागावी असा नियम आहे. पुढच्या एलूलमध्ये पुन्हा गेले. या वेळी ती म्हणाली, "फोनवर नेमके कोणते शब्द बोललीस ते सांग." मी सांगितले, एकेक. तिनं विचारलं, "आणखी कुणाजवळ बोललीस?" तिघींजवळ, वेगवेगळ्या वेळी. "त्यांना जाऊन सांग, की तू काही पाहिलेलं नव्हतंस."

अश्दोदच्या बाईंकडे बसनं गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, आता काय उपयोग, मुलाचं लग्न झालं. मी म्हटलं, उपयोगासाठी आले नाही, तुमच्या मनात जे मी पेरलं ते उपटायला आले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग इतकंच म्हणाल्या, की त्यांनीही ते पुढं दोन घरी सांगितलं होतं, आणि त्या दोन घरांना त्या स्वतः फोन करतील. दुसरी बाई लोदला, तिनं मला धड ऐकूनही घेतलं नाही. तिसरी आदल्या वर्षी वारली होती. तिनं कुणाकुणाला सांगितलं, ते आता कळायचा मार्ग नाही. ते शब्द अजून कुठंतरी फिरत असतील.

2007 च्या आवमध्ये, रोजाच्या आदल्या दिवशी, खालच्या मजल्यावरून निरोप आला: वाल जास्त भिजलेत, सोलायला ये. रोजाच्या दिवशी आम्ही कुणाला शालोमसुद्धा म्हणत नाही, म्हणून सगळं आदल्या दिवशीच. स्वयंपाकघरात पंखा लावलेला, जमिनीवर परात, कोमट पाण्यात मोड आलेले वाल. अंगठ्यानं दाबलं की दाणा सालीतून सुळकन बाहेर येतो, मोड मात्र तुटू द्यायचा नाही. पाणी तपकिरी झालं होतं. आम्ही समोरासमोर बसून अर्धी परात सोलली तरी ती बोलली नाही. तालमुदात देव जिभेला म्हणतो, बाकीचे अवयव उभे, तू आडवी. बाकीचे बाहेर, तू आत. वर तुझ्याभोवती दोन भिंती घातल्या, एक हाडाची आणि एक मांसाची. मी दात आणि ओठ दोन्ही मिटून वाल सोलत राहिले.

"माखुल लाख," ती परातीकडे बघत म्हणाली. तुला माफ केलं. थोड्या वेळानं पुन्हा, "माखुल लाख."

तीनदा म्हणायची रीत आहे. मी वाट पाहिली.

"तिसरं तिचं तिला म्हणू दे," ती म्हणाली, "तिला वाटलं तर." मुलगी तेव्हा हैफाला इस्पितळात कामाला होती.

मी नंबर मागितला. तिनं हात न थांबवता एकेक आकडा सांगितला. माझा उजवा हात वालाच्या पाण्यानं ओला होता, म्हणून मी डाव्या हातानं, वर्तमानपत्राच्या कडेला, वाकडेतिकडे आकडे लिहून घेतले.